बुटाला फिरायला नेणारा माणूस

बर्फावर माणूस पडतो तो नशिबामुळे नव्हे, मोजमाप न केल्यामुळे!

मी तांत्रिक महाविद्यालयात शिकलो, कागदाच्या गिरणीत सदतीस वर्षे यंत्रे सांभाळली, आणि माझ्या देखरेखीखालचा एकही पट्टा कधी चाकावरून घसरला नाही. असा माणूस डिसेंबरात सकाळी पळताना घरासमोरच्या उतारावर तीन वेळा आपटतो, तेव्हा दोष कुणाचा? अर्थातच बुटांचा! हे मी माझी पत्नी आउने हिला आकृती काढून समजावले. तिने आकृती पाहिली, मग माझे निळे पडलेले कोपर पाहिले.

"उर्पो, आता आणखी एकदा जरी आपटलास ना, तर पळणं बंद! दर सोमवारी माझ्याबरोबर पाण्यातल्या व्यायामाला यायचं."

"तिथे सगळ्या बायका असतात."

"म्हणूनच तिथे कोणी आपटत नाही."

तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नाही. मी स्वतः कागद घेतला, स्वच्छ अक्षरात लिहिले, 'हिवाळा संपेपर्यंत उर्पो एकदाही पडल्यास त्याचे पळणे कायमचे समाप्त', खाली सही ठोकली आणि कागद फ्रिजवर लावला. एक्काहत्तराव्या वर्षी माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे फार काही उरत नाही. माझ्याकडे सकाळचे सहा किलोमीटर होते. ते पणाला लावून मी बुटांच्या निवडीला लागलो.

तळाला बर्फात रुतणारे खिळे असलेले पळायचे बूट मी आणले: बारा खिळ्यांचा, सोळांचा आणि विसांचा, असे तीन जोड. जास्त खिळे म्हणजे जास्त पकड, हा निव्वळ अडाणी समज! भार वाटला जातो आणि एकही खिळा धड रुतत नाही. म्हणून मी प्रत्येक बुटात दोन किलो राय धान्याच्या पिठाची पिशवी बसवली, पीठ ओले होऊ नये म्हणून तिच्यावर लोकरीची टोपी चढवली, पुढे दोरी बांधली, दोरीला मासे तोलायचा ताणकाटा लावला आणि गोठलेल्या तळ्यावरून बूट ओढत निघालो. ओढायला जितका जोर लागेल, तितकी पकड चांगली. नऊ दिवस, रोज चाळीस फेऱ्या. आकडा चांगला आला की मी मोठ्याने म्हणत असे, "शाबास! आता वळायचं हं!"

आमचा शेजारी रेइयो हे सारे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होता. त्याने हात वर केला. मीही केला. शेजार अवघा बावीस वर्षांचा. इतक्या खासगी बाबतीत तो प्रश्न कसा विचारणार? आणि कोणी न विचारता सांगत सुटणे म्हणजे बढाई. ती आमच्या गावात खपत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणातला बर्फ कोणीतरी उपसून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी पायरीवर वेलदोड्याचा पाव! दुकानातली बाई म्हणाली, "आज शनिवार आहे हं, उर्पो." मला जरा शंका यायला हवी होती. आमच्याकडे माणूस अंथरुणाला खिळल्याशिवाय त्याच्याशी इतके कोणी बोलत नाही.

मग आरोग्य केंद्रातून परिचारिकेचा फोन आला.

"सध्या दिवस कसा घालवता?"

"बुटाबरोबर."

"अच्छा... कोणत्या?"

"डाव्या. उजव्यावर माझा अजून भरवसा बसलेला नाही."

पलीकडे ती माझे शब्द पुटपुटत लिहून घेऊ लागली. माझ्या पद्धतशीरपणाने ती भारावली असावी, असे मला वाटले.

सोळा खिळे जिंकले. फेब्रुवारीत तळ्याभोवती गावाची शर्यत असते; त्या रविवारी मी ते चढवले आणि, वाचकहो, काय सांगू! काचेसारख्या बर्फावर मी भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा घट्ट! फक्त रेइयो कोपराला चिकटून पळत होता.

"अरे, तू जा ना पुढे!"

"नको, नको. घर कुठल्या बाजूला आहे, आठवतंय ना?"

मी हसलो. तो हसला नाही.

मी शेवटून दुसरा आलो आणि सारे गाव टाळ्या वाजवू लागले! आमच्याकडे जिंकणाऱ्यालासुद्धा इतक्या टाळ्या पडत नाहीत. खिळ्यांची कीर्ती पसरली म्हणायची!

नंतर सभागृहात वाटाण्याचे सूप होते. बूट अर्थातच दाराशी काढले. आमच्याकडे कोणी मेले तरी बूट घालून आत जात नाही. आत नाचासाठी नुकतीच मेण घासून चकचकीत केलेली लाकडी जमीन, आणि माझ्या पायांत आउनेने विणलेले लोकरीचे मोजे. हातात सुपाची वाटी. रेइयोने माझा दंड धरला आणि कानाशी येऊन हळुवार आवाजात विचारले,

"उर्पो, त्या टोपीवाल्यालाही एक वाटी घेऊ या का?"

नऊ दिवस, पाव, परिचारिका, टाळ्या... सगळे एका क्षणात डोक्यात लख्ख झाले!

"रेइयो! मी पकड मोजत होतो! मी पूर्ण शुद्धीवर आहे! मला कुणाच्या आधाराची गरज नाही!" असे ओरडून मी त्याचा हात झटकला.

गरज होती.

पाय छताकडे गेले, सूप खिडकीकडे गेले, आणि मी पाठीवर घसरत थेट त्या टेबलापाशी पोहोचलो जिथे पाण्यातल्या व्यायामाचा सगळा गट बसला होता. आउनेने वरून वाकून पाहिले.

"लागलं का रे?"

"नाही. आणि हे बर्फावर पडणं नव्हे!"

"कागदावर 'बर्फ' हा शब्द कुठे आहे?"

नव्हता. कागद मीच लिहिला होता. स्वच्छ अक्षरात.

आता दर सोमवारी मी छातीभर पाण्यात चौदा बायकांमध्ये उभा राहून हात वर-खाली करतो. काल कपाळावरच्या केसांना क्लिप लावून खिडकीशी बसलो होतो (आउने म्हणते, पाण्यात केस डोळ्यांवर येतात), तेव्हा तळ्यावरून रेइयो पळत गेला. त्याच्या-माझ्या पायांचे माप एकच आहे, आणि आउनेला घरात वस्तू पडून राहिलेल्या आवडत नाहीत. सोळा खिळे कर्रकन बर्फात रुतत होते. पकड उत्तम होती.

त्याने हात वर केला. मीही केला. कोणी काही विचारले नाही.