शेवट सांगणारे कप्पे

"जगात गोष्टी सातच! बाकी सगळी नावं बदलण्याची हातचलाखी!" आमचे ग्रंथपाल येईल त्याला हे ऐकवत.

नोकरी हंगामी. शुक्रवारी वाचनालयाचे अध्यक्ष येणार आणि यांना कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरवणार. काहीतरी करून दाखवायलाच हवं! ग्रंथपालांनी सुट्टीच्या दिवशी सगळ्या कादंबऱ्या खाली उतरवल्या आणि गोष्टीच्या जातीप्रमाणे सात कप्प्यांत लावल्या. वर ठसठशीत पाट्या : 'शेवटी लग्न', 'गेलेला परत येतो', 'नायक मरतो', 'खुनी घरातलाच'...

"अहो, पाटी वाचल्यावर पुस्तक कोण वाचेल?" बायकोनं विचारलं.

"तुला त्यातलं काय कळतंय!"

अडली ती एकच, खुद्द अध्यक्षांनी लिहिलेली कादंबरी. ग्रंथपालांनी ती अनेकदा हातात घेतली होती आणि दर वेळी दुसऱ्या प्रकरणात त्यांचा डोळा लागला होता. न वाचलेलं पुस्तक कुठल्या कप्प्यात घालणार? शेवटी तिच्यासाठी आठवा कप्पा केला आणि पाटी लावली : 'शेवट सांगता येत नाही'. खोटं तर नव्हतं!

शुक्रवारी दार उघडताच शिंपीणकाकू कडाडल्या, "माझी अर्धीच वाचून झाली होती! म्हणे खुनी घरातलाच! आता गोष्टीतल्या घरात उरलाय एकटा पुतण्या!"

"आणि माझ्या नायकाला मारलंत?" मास्तर ओरडले. "महिनाभर जीव टांगणीला लावून बसलोय मी!"

"मास्तर, शेवटी तो मरतोच हो!"

"बघा, हे पुन्हा सांगतायत!"

एवढ्यात अध्यक्ष आले. गलका मागे टाकून ते थेट आठव्या कप्प्यापाशी थांबले. पाटी वाचून त्यांचे डोळे भरून आले.

"पूर्ण वाचलीत?"

ग्रंथपालांना वाटलं, मैदान मारलं! "पूर्ण म्हणजे? साहेब, शेवट वाचून तर ढसाढसा रडलो!"

अध्यक्षांचा चेहरा पडला.

"शेवटचं प्रकरण बांधणीवाल्यानं घातलंच नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मीही गप्प राहिलो. वाटायचं, कधीतरी कुणीतरी येईल आणि विचारेल, साहेब, शेवट कुठाय? तुमची पाटी बघून वाटलं, भेटला एकदाचा!"

ग्रंथपाल पाटी सरळ करू लागले.

"मग... शेवटी काय होतं, साहेब?"

"नवा ग्रंथपाल येतो," अध्यक्ष म्हणाले.