देवघरेकाका आणि गच्चीवरची दोरी

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरचे टॉवेल कुणीतरी काढून ठेवतं. चोरत नाही, नीट घडी करून कठड्यावर ठेवतं. टॉवेलखाली लपवलेले सगळ्या घरांचे आतले कपडे मग जयपूरच्या उन्हात उघडे पडतात आणि समोरच्या इमारतीतली मंडळी चहा पिता पिता त्यांच्याकडे बघत बसतात. हे पुण्यकर्म करणारे गृहस्थ म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे देवघरेकाका.

कुणी हटकलं की ते म्हणतात, "काहून लपवता बाप्पा? ऊन काय पाहून राहिलं तुम्हाला?"

मुरलीपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच. एक आमचं, एक त्यांचं. ते मूळचे यवतमाळचे, विमा कंपनीत अधिकारी होते. शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. बायको वारलेली, मुलगा परदेशात. मी अमरावतीचा, सॉफ्टवेअरमधला. परक्या गावात आपल्याकडचा माणूस भेटला म्हणून मला फार आनंद झाला होता. तो एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी काका चहाला आले, खुर्चीत टेकले आणि माझ्या बायकोसमोर मला म्हणाले, "चड्डी कशाची घालून राहिला तू?"

"सुती," मी म्हणालो.

"लेबल वाचलं?"

स्वतःच्या चड्डीचं लेबल मी जन्मात वाचलं नव्हतं. आत जाऊन वाचलं. सुताच्या बरोबरीने पॉलिएस्टर होतं, शिवाय ताणणारा आणखी एक धागा होता. मी बाहेर येऊन कबुली दिली. काका समाधानाने बशीत चहा ओतत म्हणाले, "अंगाला विचारत जा. अंग खोटं बोलत नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते भाजीवाल्यालाही सोडत नाहीत. "अपने अंग से पूछो भैया," असं ऐकल्यावर तो बिचारा भेंडी मोजायचा थांबतो.

काका विडी-सिगारेट ओढत नाहीत, पण खिशात काडेपेटी कायम असते. कुठल्याही कपड्याचा एक धागा उपसायचा, काडी लावायची, नाक पुढे करायचं. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर कापूस. वितळून टणक गोळी झाली तर प्लॅस्टिक. माझ्या तीन शर्टांच्या आणि एका टायच्या त्यांनी अशा गोळ्या करून दाखवल्या आहेत.

मेघनाला, म्हणजे माझ्या बायकोला, पर्यावरणाची खरोखर काळजी आहे. तिने बांबूच्या कापडाचे आतले कपडे ऑनलाइन मागवले. खोक्यावर हिरवं पान छापलेलं होतं. नेमकं ते खोकं खाली गार्डकडे काकांच्या नजरेस पडलं. ते वर येऊन दारात उभे राहिले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "सूनबाई, एक धागा मिळेल काय?" मेघना इतकी गांगरली की तिने खरंच एक धागा आणून दिला. तो जाळला तर कागदाचा वास आला. काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, सुटलो. दोन दिवसांनी पुन्हा बेल वाजली.

"धाग्याचा एक तुकडा ठेवला होता. ओला केला तर तुटून राहिला. कापूस ओला झाला की उलट घट्ट होतो. बांबूचा रसायनात लगदा करतात, मग धागा काढतात. बांबू नावापुरता. त्यापेक्षा साधा, न रंगवलेला कापूस घ्या. कमी घ्या, पण पुष्कळ वर्षं वापरा."

"तुझ्या काकांना सांग," मेघना दार लावून म्हणाली, "माझ्या कपड्यांवर संशोधन नको." ते माझे काका कधी झाले, हे मला कळलं नाही. पण इमारतीतही तोच समज होता, आणि तो गुलाबाच्या कुंडीने पक्का केला.

तळमजल्यावरच्या माथुर आंटींच्या गुलाबाच्या कुंडीत माळ्याला काहीतरी पुरलेलं सापडलं. सोसायटीच्या बैठकीत तो हात जोडून म्हणाला, "साहब, गमले में कच्छा गड़ा है। किसी ने कुछ करवाया है।" आंटी पांढऱ्याफटक पडल्या. कुणी लिंबू-मिरची आणायला सांगितली, कुणी पंडितजींना फोन लावला. तेवढ्यात काका उठले आणि अभिमानाने म्हणाले, "मैंने गाड़ा है। दो महीने हो गए।" त्यांनी ती चड्डी कुंडीतून उपसली. कापड मातीत जिरलं होतं, कमरेचं इलॅस्टिक आणि लेबल तेवढं शाबूत होतं. ते हातात धरून त्यांनी सगळ्यांना दाखवलं. "जो मिट्टी नहीं खाती, वो आप लोग पहनते हो।" लोकांनी काकांकडे पाहिलं आणि मग सगळे माझ्याकडे वळले. "आपके अंकल को समझाइए," असं मला अध्यक्षांनी सांगितलं.

तरीही एका शनिवारी मी त्यांना स्कूटरवरून कापडछपाईच्या सांगानेरला घेऊन गेलो. नाही म्हणायची सोय ते ठेवतच नाहीत. तिथे दुकानदाराने छापील कापडांचे ढीग मांडले. काकांनी सगळे बाजूला सारले आणि बिनरंगाची साधी मलमल मागितली. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघितली, मग गालाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी रस्त्याकडे. परत येताना काकांनी वाटेतल्या विमानतळापासून घरापर्यंत मला इलॅस्टिकचे तोटे सांगितले.

अशा या माणसाचं एक लबाडी मी हळूहळू टिपली होती. गच्चीवर त्यांची स्वतःची एक दोरी होती. दर रविवारी तिच्यावर काही कपडे असत आणि त्या कपड्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी चादर असे. चारही कोपऱ्यांना चिमटे लावलेले. जगाचे टॉवेल काढणाऱ्याची स्वतःची दोरी झाकलेली. माझी खात्री झाली की खाली पॉलिएस्टर आहे.

एका रविवारी मेघनाचा टॉवेल पुन्हा कठड्यावर दिसला, तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, "काका, लोकांना उन्हाची लाज नको म्हणता, मग तुमच्या दोरीवर चादर कशाला? तुमचं ऊन वेगळं आहे का?"

काकांनी हातातला टॉवेल घडी न करताच कठड्यावर टाकला. असं आधी कधी झालं नव्हतं. त्यांनी बादली उचलली आणि ते जिना उतरून गेले. जिंकल्याचा आनंद मला त्या दिवशी जेवणापर्यंत पुरला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आई आमच्याकडे आली आणि तिला नागीण निघाली. कमरेच्या डाव्या बाजूला, पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हा एकाच बाजूला राहतो, घाबरू नका. आईचा विश्वास बसला नाही. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. रोज सकाळी ती मेघनाला विचारायची, "जुळून तर नाही ना राहिलं?"

भीतीपेक्षा वाईट होती ती आग. परकराची नाडी सोसेना, इलॅस्टिक तर नाहीच नाही. मेघनाने तिचे बांबूचे कपडे देऊन पाहिले, माझे जुने बनियन फाडून पाहिले. प्रत्येकाची शिवण फोडांवर घासायची. शेवटी आई चादर पांघरून खोलीत पडून राहिली. दार लावलेलं. मला आत यायला बंदी. ताट आत जायचं, अर्धं परत यायचं. "अंगावर धड कपडा नाही, मी बाहेर कशी येऊ रे?" ती दाराआडून म्हणायची. जन्मभर चापूनचोपून लुगडं नेसलेली बाई ती. आठव्या दिवशी ती आतल्या आत रडताना मी ऐकलं आणि मुकाट्याने वरच्या मजल्यावर गेलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या त्या बोलण्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. फक्त विचारलं, "शिवण टोचून राहिली काय?" मी हो म्हणालो. ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. आले तेव्हा त्यांच्या हातात मलमलीच्या सहा घड्या होत्या.

खांद्यावरून सैल सुटणारी, बाळाच्या झबल्यासारखी लांब वस्त्रं. तशाच सैल चड्ड्या, कमरेखाली बांधायला मऊ कापडाची पट्टी. नाडी नाही, इलॅस्टिक नाही. मला ती उलटी वाटली, म्हणून मी सुलटी करायला लागलो.

"राहू दे. शिवण मुद्दाम बाहेर ठेवली आहे," काका म्हणाले. "माझ्या बायकोचं, शालूचं, शेवटचं वर्ष अंथरुणातच गेलं. कातडी इतकी नाजूक झाली होती, की काहीच सोसायचं नाही. तिच्याच मशीनवर शिकलो. पण नवी मलमल खरखरते. ही पण तिला टोचली. म्हणाली, धुवा अजून, होतील मऊ."

माझ्या हातातलं वस्त्र घेऊन त्यांनी पुन्हा घडी घातली आणि परत दिलं.

"मग धुवून राहिलो. ती गेली, तरी दर रविवारी धुतोच. तीन वर्षं झाली. आता कुठे तिला सोसली असती."

मी घडी हातात धरून उभा होतो. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "काका, ती चादर..."

"तिला नाही आवडायचं उघड्यावर," ते म्हणाले. "माझ्याशी भांडायची त्यावरून. मी काही ऐकलं नाही तेव्हा."

त्या संध्याकाळी आईने ते झबलं घातलं. रात्री पूर्ण ताट रिकामं परत आलं. चार दिवसांनी ती झबल्यावर मेघनाचा गाऊन चढवून बाहेर आली, सोफ्यावर बसली आणि भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाली. मला त्या क्षणी रडू आलं, ते मी टीव्हीकडे तोंड करून लपवलं.

काकांनी कपडे परत घेतले नाहीत. वापरात राहू द्या म्हणाले. फोड सुकल्यावर पुढच्या रविवारी आईने ते सगळे स्वतः धुतले आणि गच्चीवर, काकांच्या रिकाम्या दोरीवर वाळत घातले. ही हकीकत तिला मी सांगितली नव्हती. तिच्या वळणाप्रमाणे तिने वरून एक चादर टाकली.

थोड्या वेळाने काका आले, हातात नेहमीची बादली. सवयीने एकेक टॉवेल काढत, घड्या घालत या टोकाला पोचले. त्यांचा हात चादरीच्या कोपऱ्याकडे गेला. मेघना माझ्याकडे बघत होती, मी काकांकडे. वाऱ्याने तो कोपरा उडाला होता. त्यांनी तो खाली ओढून सारखा केला, खिशातून एक चिमटा काढून त्याला लावला आणि रिकामी बादली घेऊन ते जिन्याकडे गेले.