केस सोडत नाही

नऊ महिन्यांच्या रजेनंतर ऑफिसला परत जायचं ते डोक्यावर केस घेऊन जायचं, एवढाच माझा साधा निर्णय होता. त्यात काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. (नवऱ्याला वाटतं. पण दोन्ही पायांत एकाच रंगाचे मोजे असावेत, यालाही तो हट्ट म्हणतो.)

बाळंतपणानंतर केस गळतात, हे मी वाचलं होतं. किती गळतात, हे मात्र कोणी लिहिलं नव्हतं. उशीवर केस, बाथरूमच्या जाळीत केस, एकदा तर दुधाच्या बाटलीच्या बुचात केस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नॉर्मल आहे. वर्षभरात सगळं पूर्वीसारखं होईल." त्यांची स्वतःची वेणी मनगटाएवढी जाड होती, त्यामुळे त्यांना शांतपणे बोलता येत होतं. माझ्या कानांच्या वर दोन्हीकडे एवढी मोकळी जागा झाली होती, की तिथे 'वाहने उभी करू नयेत' अशी पाटी लावता आली असती.

उरलेल्या केसांवर मालकी आमच्या लेकीची. तिचं खरं नाव तीन पुस्तकं चाळून ठेवलेलं आहे आणि त्याला अर्थही आहे, पण घरात तिला सगळे 'पक्कड' म्हणतात. कारण ती धरते. बोट, चष्मा, डॉक्टरीणबाईंची ती जाड वेणी. एकदा धरलं की धरलं. आणि झोपताना तिला मुठीत माझे केस लागतात. अंगाई नको, थोपटणं नको. डाव्या कानावरचे केस हातात आले की दोन मिनिटांत डोळे मिटतात. मूठ रिकामी राहिली तर ती घर डोक्यावर घेते, आणि घराखाली आम्ही दोघं.

त्यामुळे पाळणाघराच्या मावशींनी घातलेली अट ऐकून मला घाम फुटला. "एक दिवस ठेवून बघते," त्या म्हणाल्या. "दुपारी झोपली तर ठेवीन कायमची. नाही झोपली तर मला जमायचं नाही, आधीच सांगते. एक रडलं की अकराच्या अकरा उठतात. मला हात दोनच आहेत."

दुसरं पाळणाघर तासाभराच्या अंतरावर. घरी बघायला कोणी नाही. म्हणजे सोमवारी दुपारी पक्कड झोपली तर माझी नोकरी टिकणार, नाही झोपली तर मी राजीनामा लिहायला बसणार. माझ्या दहा वर्षांच्या नोकरीचं भवितव्य एका मुठीत होतं, आणि ती मूठ लिंबाएवढी होती.

अशा वेळी शहाणी बाई लेकीला झोपेची दुसरी सवय लावते. मी पार्लरमध्ये गेले.

"ना गोंद, ना शिवण," पार्लरवाली केसांचे पट्टे ओढणीसारखे हातावर पसरत म्हणाली. "नुसत्या क्लिपा. आडवा भांग पाडायचा, वरचे केस वर बांधायचे, भांगातल्या केसांना मुळाशी थोडा उलटा कंगवा मारायचा, म्हणजे क्लिपला धरायला काहीतरी मिळतं." (ती फार आशावादी मुलगी होती.) "मग उघडी क्लिप मुळाशी खोचायची आणि दाबायची. टिक! काढताना ओढायचं मात्र नाही हं मॅडम. दोन्ही टोकं दाबायची, टिक, आणि अलगद खाली सरकवायची."

रविवारी आम्ही सराव केला. नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि हातात कंगवा घेऊन माझ्या मागे उभा राहिला.

"आधी मानेजवळचा मोठा पट्टा," मी म्हटलं.

"कुठला मोठा?"

"तीन क्लिपांचा."

"लावला. पण हे जरा वर का उभे राहतायत?"

आरशात पाहिलं तर पट्टा उलटा लागला होता आणि मी कारंज्यासारखी दिसत होते.

"व्हिडिओतली बाई याला व्हॉल्यूम म्हणते," तो म्हणाला.

"काढ आधी!"

त्याने धरलं आणि ओढलं.

"आई गं! ओढू नको म्हटलं होतं ना!"

"अगं, एवढी काय ओरडतेस? हे खोटे आहेत."

"तू ओढलेस ते खरे होते!"

अशा रीतीने सरावात आणखी दहा-बारा खरे केस खर्ची पडले. मग त्याने पश्चात्ताप म्हणून पट्टे धुतले आणि चिमटे लावून बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घातले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मान वर करून विचारलं, "घोडा घेतलात की काय?"

सोमवारी सकाळी मात्र मी एकटीने, नवऱ्याला खोलीबाहेर काढून, अर्ध्या तासात चार पट्टे बसवले. मागे दोन, कानांवर एकेक. टिक, टिक, टिक, टिक. आरशात पाहिलं आणि क्षणभर मला वाटलं, ही बाई तर मला ओळखीची आहे. बाळंतपणाच्या आधी आमचं चांगलं जाणं-येणं होतं.

पाळणाघराच्या दारात पक्कड कडेवर होती. तिने आधी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काय ते ओळखून डाव्या कानावरच्या केसांना हात घातला. आज तिथे भरपूर माल होता. तिची मूठ पहिल्यांदाच गच्च भरली.

"सोडवा," मावशी म्हणाल्या.

मी एक बोट उघडलं. दुसरं उघडेपर्यंत पहिलं मिटलं. बस सुटायला सहा मिनिटं होती. पक्कडचा खालचा ओठ थरथरायला लागला. मी दोन बोटं उघडली, तिने तीन मिटली. मग माझ्या हाताने, मला न विचारता, क्लिपची दोन्ही टोकं दाबली. टिक.

केस तिच्याकडे गेले, मी दाराबाहेर.

"अगं बाई!" मावशी किंचाळल्या. "उपटले की हो पोरीनं!"

"नाही, नाही, ते माझेच आहेत. म्हणजे माझे नाहीत. म्हणजे आता तिचेच समजा!" असं ओरडत मी पळत सुटले.

बसच्या काचेत मला माझं डोकं दिसलं. उजवीकडे जाहिरातीतली बाई, डावीकडे जाहिरातीतली 'आधी'ची बाई.

उजवा पट्टाही काढून टाकायचा, असं ठरवून मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात शिरले. तिथे आमच्या तिघीजणी उभ्या होत्या, माझ्या उजव्या बाजूला.

"अय्या, केस किती सुंदर झालेत! बाळंतपण मानवलं हो तुला. काय लावतेस?"

"काही नाही, असेच," मी म्हटलं. (तसं पाहिलं तर ते केस लावायला खरंच काही लागत नव्हतं, ना गोंद, ना शिवण.) एवढं कौतुक झाल्यावर आता ते काढून पर्समध्ये कसे टाकणार? मी डावा तळहात डाव्या कानावर ठेवला आणि तो दिवसभर तिथेच राहिला.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे तपासते. दाव्याला आमच्याकडे कोणी दावा म्हणत नाही, 'केस' म्हणतात. माझ्याकडे एक मोठी केस होती, पाणी शिरून भिजलेल्या गाद्यांच्या गोदामाची. दोन वर्षं मी त्या गाद्या मोजत होते. रजेवर गेले तेव्हा साहेबांनी ती स्टेपलरकाकांना दिली. (ते दोन कागद एकत्र दिसले की टाचतात, म्हणून हे नाव.) आल्याआल्या ती परत मागायची नाही, असं मी ठरवलं होतं. आधी पक्कड झोपू दे, मग गाद्या.

सकाळच्या मीटिंगमध्ये गोदामाचं नाव निघालं तेव्हा माझं लक्ष फोनकडे होतं आणि हात कानावर. दीड वाजता फोन आलाच. मी धावत पाण्याच्या मशीनपाशी गेले.

"अहो, ही केस सोडत नाहीये," पलीकडून मावशी म्हणाल्या. "भरवलं, पुसलं, कपडे बदलले, तरी सोडत नाही. काढून घेऊ का?"

"नको, नको!" मी म्हणाले. "केस काढून घेऊ नका! काढून घेतल्यावर काय होतं ते मी बघितलंय. रडून रडून आकांत होतो."

"मग काय करू?"

"केस हातातच राहू दे. जबरदस्ती केलीत ना, तर उद्यापासून येणं बंद होईल, सांगून ठेवते."

"बरं, आता झोपवून बघते," म्हणून मावशींनी फोन ठेवला. मी वळले. मागे पाण्याचा ग्लास हातात धरून आमचे साहेब उभे होते. आमच्या साहेबांच्या डोक्यावर एकही केस नाही, हे इथे सांगणं भाग आहे.

"जरा केबिनमध्ये या," ते हळूच म्हणाले.

मी गेले, हात कानावर.

"बसा. केसबद्दल बोलायचंय."

मी कानावरचा हात आणखी घट्ट दाबला. "तुमच्या लक्षात आलं, साहेब?"

"न यायला काय झालं? सकाळपासून डोक्याला हात लावून बसलाय तुम्ही."

"मुद्दाम नाही हो. घाईत झालं सगळं. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात पूर्वीसारखं होईल."

"डॉक्टरपर्यंत गोष्ट गेली?" साहेबांचा चेहरा पडला. "अहो, मला आधी सांगायचं. वर्षभर कशाला? आजच्या आज करून देतो."

"आज? इथे?"

"एक सही केली की झालं."

मी त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं. सहीने होत असतं तर, असा विचार मनात आला, पण मी तो आवरला.

"केस हातातून जाण्याचं दुःख मला कळत नाही, असं समजू नका," टाळूवरून हात फिरवत ते म्हणाले.

"नाही साहेब," मी कळवळून म्हटलं, "तुम्हाला नाही कळणार तर कोणाला?"

साहेबांनी टाळूवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "ती केस तुमचीच होती आणि तुमचीच राहील."

ती केस! माझ्या डोक्यात, उरलेल्या केसांच्या मुळाशी कुठेतरी, लख्ख प्रकाश पडला. साहेबांची केस स्त्रीलिंगी होती! डोक्यावरचे केस पुल्लिंगी आणि अनेकवचनी. शाळेत ज्या व्याकरणाने मला रडवलं, त्याने इतक्या वर्षांनी माझी अब्रू राखली. मी एका हाताने आभार मानून बाहेर आले. (दुसरा कुठे होता ते तुम्हाला माहीत आहे.)

स्टेपलरकाकांनी फाइल माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती टाचण्यांनी इतकी भरली होती, की लोहचुंबकाने उचलता आली असती.

"घ्या तुमची केस," ते फुरंगटून म्हणाले. "नऊ महिने मी सांभाळली. आणि तुम्ही काय, आल्या दिवशी साहेबांपुढे रडलात म्हणे, आकांत केलात!"

"मी नाही हो, माझी मुलगी!"

"वा! म्हणजे घरच्यांनाही कामाला लावलंत," म्हणत ते गेले.

केस मिळाली होती, पण आनंद करायला मन जागेवर नव्हतं. फोन पुन्हा आला नव्हता. फोन न येणं म्हणजे पक्कड झोपली, की मावशींना फोन उचलायला हात मोकळा नाही? अकरा पोरं एका सुरात रडतायत आणि मधोमध मावशी, असं चित्र डोळ्यांपुढे येत राहिलं. मी गाद्यांची एकच यादी चार वेळा तपासली आणि चारही वेळा बेरीज वेगळी आली. राजीनाम्यात 'कौटुंबिक कारणास्तव' लिहायचं की 'केशकारणास्तव', हेही ठरवून झालं.

पाच वाजता मी जिने उतरले नाही, घरंगळले.

पाळणाघरात अगदी शांतता होती. मी दाराला कान लावला. (अखेर हात काढून.) दार उघडलं. पक्कड सतरंजीवर बसून ठोकळा चावत होती. डोळे टवटवीत, गाल गुलाबी, आणि डाव्या मुठीत केस.

"झोपली?" मी दारातूनच विचारलं.

"अहो, अडीच तास!" मावशी म्हणाल्या. "पाठ टेकली, केस गालाशी घेतले, गप्प. ही सगळ्यात शहाणी निघाली. आता ही इथेच राहणार, कायमची."

माझे डोळे भरून आले. नोकरी राहिली, गाद्या राहिल्या, पाळणाघर राहिलं. मी हात पसरून खाली बसले. दिवसभर जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती आता झेपावून येईल म्हणून मी डोळे मिटले.

उघडले, तेव्हा पक्कड माझ्या डाव्या कानाकडे निरखून बघत होती. तिने एक हात पुढे केला, तिथे काय शिल्लक आहे ते चाचपलं, मुठीतल्या केसांकडे पाहिलं, आणि पुन्हा ठोकळा चावायला घेतला.

"आणि हो," मावशी म्हणाल्या, "सकाळी तुमची फार धावपळ होते. उद्यापासून हिला बाबांबरोबर पाठवलंत तरी चालेल. तुम्ही नाही आलात तरी काही अडत नाही. केस तेवढे विसरू नका."

त्यांनी पक्कडची पिशवी आणि एक वही माझ्या पुढ्यात ठेवली. इथे आलेल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची आणि घरी नेताना वहीत सही करायची, असा नियम आहे. आजच्या तारखेखाली मावशींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

बाटली – एक. दुपटी – तीन. टोपडं – एक. आई (क्लिपची) – एक.

त्याखाली, 'सर्व सामान मिळालं.'

मी बाटली पाहिली, दुपटी मोजली, टोपडं घेतलं, दुसऱ्या ठोकळ्याच्या बदल्यात मुठीतून सोडवलेल्या आईला दुपट्यात गुंडाळून पिशवीत कोंबलं, आणि सही केली.