फळीभर उंच ओटा

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! पटत नसेल तर जाऊन ओट्याच्या फळ्यांना विचारा.

आमचा थोरला विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. त्यामुळे त्याला चहाच्या कपातसुद्धा अपघात दिसतो. ह्यांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याने स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, खाली अंगणात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "बाबा घरी येईपर्यंत इथे लाकडी डेक उभा राहणार. दारातून सरळ बाहेर. पाऊल उचलायचं कामच नाही."

डेक म्हणजे खांबांवरचा लाकडी ओटा, बरं का.

"सुताराला बोलवू या का?" सूनबाई म्हणाली.

"सुतार कशाला? मी अख्खं पुस्तक वाचलंय."

सूनबाई चहा टाकायला वळली. तिलाही ठाऊक होतं, गोष्ट नुसत्या ओट्याची नव्हती. हे हेडमास्तर. उभ्या आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत, पोटच्या पोराला तर नाहीच. थोरल्याच्या डोक्यावरचे केस गेले, पण बाबांच्या तोंडून एकदा तरी "छान" ऐकायची हौस काही गेली नाही.

मग जे काम सुरू झालं म्हणता! जुन्या पायऱ्या उखडल्या. खड्डे असे खोल खणले की शेजारीण विचारायला आली, विहिरीला पाणी लागलं का. खड्ड्यांत काँक्रीट, काँक्रीटवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या. खिळा एकही नाही, सगळे बोल्ट आणि स्क्रू. पाणी निथळायला दोन फळ्यांमध्ये फट, आणि प्रत्येक फट सारखी. वर हत्तीचं लग्न लावलं असतं तरी ओटा कुरकुरला नसता. आणि ती लेव्हल, म्हणजे सपाटी बघायची पट्टी! तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत हा उंदरावर टपलेल्या मांजरासारखा पडून राहायचा.

"दार लावून घ्या, भुसा आत जातोय," असं बाहेरून ओरडायचा. आम्ही दार लावलं ते लावलंच. हा घराला वळसा घालून ये-जा करायचा, आणि चहा त्याला खिडकीतून मिळायचा.

हे घरी यायचे त्या सकाळी कठडा पुरा झाला. अंगणात उतरायच्या नव्या पायऱ्या अजून व्हायच्या होत्या. "तोवर मोकळी जागा ठेवायची नाही. कुणी पडलं म्हणजे?" असं म्हणत त्याने तीही बाजू आतून उभं राहून पक्की बंद केली. आरामखुर्ची आधीच आणून ठेवली होती. अंगावरचा भुसा झटकला आणि ऐटीत दार ओढलं.

दार हललं नाही.

"कडी काढ ना गं."

"काढलीय," सूनबाई आतून म्हणाली.

"मग ढकल."

"मघापासून काय करतेय मी?"

थोरल्याने खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आमचं ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं. त्याने तुळया उंबऱ्याशी अगदी समतल आणल्या होत्या, केसाचा फरक नाही. आणि मग त्यांच्यावर फळ्या बसवल्या होत्या. दार फळीभर खाली अडकलं होतं.

तेवढ्यात पुढे गाडी थांबली. वॉकर टकटकत हे थेट स्वयंपाकघरात आले.

"तो कुठेय?"

"बाहेर," सूनबाई म्हणाली.

"मग आत का येत नाही?"

"त्यांना येता येत नाहीये."

हे खिडकीशी गेले. कठड्याच्या आत थोरला उभा, हातात लेव्हल, प्राणिसंग्रहालयात नव्याने आणलेल्या अस्वलासारखा.

"बाबा, खुर्ची तयार आहे."

"दिसतेय. मी काय खिडकीतून येऊ? तू कठड्यावरून उतर आधी."

"कठड्यावर चढायचं नाही, बाबा. धोका असतो." शिवाय पोट होतंच मधे. "मी... मी फळ्या उखडतो सगळ्या."

आवाज असा आला त्याचा, की मी खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काही उखडू नकोस," हे म्हणाले. "बिजागऱ्या कुणाच्या बाजूला आहेत?"

"माझ्या."

"मग त्यांच्या सळ्या ठोकून काढ. दार वरून कलतं कर आणि उचल."

दार निघालं. समोर ओटा, पण उंबऱ्यापेक्षा फळीभर उंच. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी कितीदा विनवलं होतं, आजोबा, पाऊल उचला. ह्यांनी कधी उचललं नव्हतं.

"थांबा बाबा, मी काहीतरी करतो."

"तू बाजूला हो. मला तुझा कान पिळायचाय."

आणि उचलला की पाय! एक ठेवला, मग दुसरा. दोन पावलं चालून थोरल्याचा कान धरला आणि त्याच कानाच्या आधाराने खुर्चीत बसले. कठडा हलवून पाहिला. एक डोळा मिटून फटी तपासल्या. थोरल्याने श्वास रोखून धरलेला.

"छान झालंय," हे म्हणाले.

काढलेलं दार दोन स्टुलांवर आडवं टाकून आम्ही त्यावर चहा मांडला.

आता तुम्ही असं रोखून बघताय म्हणून सांगते. एक वाक्य तेवढं माझ्या पदरचं आहे. "छान झालंय" असं हे म्हणाले नाहीत. हे म्हणाले, "फळीला जाडी असते." पण दिवे लागले तरी खुर्चीतून उठले नाहीत. थोरल्याला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं, म्हणून घातलं मी ते.