शिट्टी न झालेलं मटण

एका जंगलात एका सकाळी कुकरची शिट्टी झाली नाही.

एवढंच झालं, बाळांनो. पण सायाळकाकू दचकल्या. शेजारच्या शाल्मली कोल्हिणीच्या घरातून धूर येत होता, वास येत होता, शिट्टी मात्र नाही. त्या जंगलात शिट्ट्यांवरून शेजाऱ्यांचा स्वयंपाक ओळखत. थोड्या झाल्या की वरण, जास्त झाल्या की मटण. एकही नाही म्हणजे नक्की काहीतरी लपवाछपवी.

खरं तर शाल्मली काहीच लपवत नव्हती. ती नदीपलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती आणि येताना एक जर्मन पदार्थ शिकून आली होती. जर्मनी हे फार लांबचं जंगल. तिथले प्राणी कोबीला मीठ लावून तो बरणीत भरतात आणि विसरून जातात. तो चांगला आंबला की त्यात डुकराचं मटण, सफरचंदाच्या फोडी आणि शहाजिरं घालून मंद आचेवर दिवसभर शिजवतात. नियम एकच. दिवस मावळेपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलं की वाफ गेली, आणि वाफ गेली की मटणाची चप्पल झाली.

शाल्मली नियमांना फार भ्यायची. ती शेगडीसमोर पाट मांडून बसली.

दुपारी सायाळकाकू विरजण मागायला आल्या. विरजण त्यांच्याकडे होतंच. काय शिजतंय, असं त्यांनी सहज विचारलं. डुकराचं मटण, असं शाल्मलीने सहज सांगितलं. काकूंचे काटे एकेक करून उभे राहिले.

"आपले वराडे सकाळपासून दिसले नाहीत, नाही गं?"

वराडे म्हणजे पलीकडच्या चिखलात राहणारे रानडुक्कर. स्वभावाने गरीब, अंगाने भरलेले, कुणाच्याही बारशाला पहिल्या पंगतीत.

शाल्मलीने घाईघाईने सांगितलं की मटण बाजारातलं आहे, कागदात बांधून आणलेलं. कागदातल्या मटणाला नातेवाईक नसतात, असं ते जंगल मानायचं. त्यामुळे ते कुणीही खावं, कुणी वाईट वाटून घेत नसे. काकूंनी कागद दाखव म्हटलं. कागदावर तर तिने शेगडी पेटवली होती.

ऊन उतरायच्या आत अर्धं जंगल अंगणात जमलं. सरपंच तरसे अण्णांनी निकाल दिला. झाकण उघडायचं. आत वराडे नसले तर प्रश्न मिटला. असले तर शाल्मलीने आजच्या आज जंगल सोडायचं. निकाल सगळ्यांना पटला. काहींनी तर ताटंही आणली होती, पुरावा नीट तपासता यावा म्हणून.

"अण्णा, झाकण नाही उघडता येणार," शाल्मली म्हणाली. "अजून ऊन आहे."

गर्दीत कुजबुज झाली. निर्दोष असती तर उघडलं नसतं का, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांनाच सुचल्यासारखं झालं.

शाल्मली इतकी घाबरली की तिला स्वतःचीच शंका यायला लागली. सकाळी वराडे वाटेत भेटले होते का? भेटले, तर आपण नमस्कार केला की मीठ लावलं? एक मोठा तुकडा जरा ओळखीचा वाटला होता खरा.

तिने फडक्याने धरून शेगडीसकट पातेलं उचललं आणि चिखलाकडे पळत सुटली. मागून सगळं जंगल, ताटं वाजवत.

काठावर पोचून तिने हाक मारली. चिखल गप्प. अण्णांनी घसा खाकरून जंगलाच्या हद्दीकडे बोट केलं. तिने पुन्हा हाक मारली. एक बेडूक निघाला, गर्दी बघून परत गेला. सायाळकाकूंनी पदर डोळ्याला लावला आणि वराडे किती चांगले होते ते सांगायला सुरुवात केली.

शाल्मली पातेलं सांभाळत चिखलावर वाकली.

"वराडे भाऊ, तुम्ही चिखलात आहात की पातेल्यात, एवढं तरी सांगा हो."

चिखलावर एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग दोन नाकपुड्या वर आल्या.

"आलो गं, आलो," वराडे म्हणाले. "दुपारपासून वास घेत पडलोय. पान वाढलं का?"

तात्पर्य : शेजाऱ्यावर खुशाल संशय घ्यावा. खोटा ठरला तरी जेवण होतं, आणि खरा ठरला तरी.