एकोणीसशे ब्याण्णवची हवा

"ही सायकल चालते का?"

हा प्रश्न मी रविवारी सकाळी अकरा वाजता, आमच्या कमलनगरच्या घराच्या अंगणात, सीमाभाग जुनी सायकल मूळरूप समितीच्या सात सदस्यांसमोर, हारतुरे झाल्यानंतर आणि उपीट येण्याआधी विचारला. विचारायची पैज माझ्या वर्गातल्या विजयश्रीनं लावली होती. मी नुसती डब्याच्या सुट्टीत तोंड चालवते, पप्पांच्या समितीपुढं माझा आवाज निघणार न्हाई, असं तिचं मत होतं. आवाज निघाला तर तिची सायकल आठवडाभर माझी, असं ठरलं होतं.

घरात सायकल असताना मला विजयश्रीच्या सायकलीची गरज का पडावी, हे कळण्यासाठी प्रकरण पहिल्यापासून पाहणे आवश्यक आहे.

माझे वडील संकर्षणराव एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतात. आलेल्या कागदावर आल्याचा शिक्का मारणे आणि गेलेल्या कागदावर गेल्याचा, हे त्यांचं काम. मधल्या काळात कागदाचं काय होतं, याच्याशी त्यांच्या विभागाचा संबंध नाही. एकोणीसशे ब्याण्णव साली ते दहावीत होते तेव्हा त्यांना एक माउंटन बाईक हवी होती. जाड टायर, सरळ हँडल, अठरा गिअर. आजोबांनी विचारलं की कमलनगरात डोंगर कुठाय. पप्पांना उत्तर देता आलं नाही, कारण तेव्हाही आमच्या भागात डोंगर म्हणावा असा खडीचा ढीगच होता. त्यांना काळी, दांडीची, मागं मोठं क्यारेज असलेली सायकल मिळाली. त्या दुःखातून ते तेहेतीस वर्षं बाहेर आले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी सोजराबाई नावाच्या आजींच्या गोठ्यात त्यांना ब्याण्णवची एक माउंटन बाईक सापडली. म्हणजे तिचा सांगाडा. त्यावर कोंबड्या बसत होत्या. पप्पांनी कोंबड्यांना विनंती करून तो घरी आणला आणि जाहीर केलं की ही सायकल पुन्हा उभी राहील, पण एकेक सुटा भाग ब्याण्णव सालचाच असेल. मला म्हणाले, "तू दहावीत गेलीस की ही तुझी."

खेड्यापाड्यात जुन्या सायकली पुष्कळ आहेत. अडचण एवढीच की लोक अजून त्या चालवतात. चिटगुप्प्याचा एक माणूस ब्याण्णवचं पायडल द्यायला तयार झाला, पण बदल्यात त्याला फिरणारं पायडल हवं होतं, आणि ते रास्त होतं. फिरणारं पायडल आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं. आठवीत मामानं दिलेल्या माझ्या निळ्या सायकलीला.

"तात्पुरतं आहे, विभा," पप्पा म्हणाले.

आवक-जावकच्या वहीत एक पायडल आलं, एक गेलं. मग दुसरं. मग चेन, शीट, ब्रेक, पुढची रिम, मागची रिम. सायकलचं दुकान चालवणारे मल्लिकार्जुनअण्णा प्रत्येक वेळी पाना घेऊन यायचे आणि प्रत्येक वेळी तेच विचारायचे, "सर, चालायलेली सायकल खोलून न चालायची कामून करायलाव?" पप्पा त्यांना सांगायचे की हा तांत्रिक प्रश्न नाही. सहा महिन्यांत माझ्या सायकलीची घंटी तेवढी उरली. ती पप्पांनी कायद्यानुसार मला परत केली.

त्यामुळे आज सीमाभागातली अकरा माणसं माझ्या सायकलीवर फिरतात. मी तेवढी जीपनं जाते. शाळा साडेतीन किलोमीटरवर आहे, आणि चौदा माणसं भरल्याशिवाय जीप हलत नाही. तेरा माणसं भरून जीप उभी असते तेव्हा माझं पायडल शेजारून झोकात निघून जातं. मी त्याला लगेच ओळखते, डावीकडचं थोडं करकरतं. दहावीच्या जादा तासाला मी नऊ वेळा उशिरा पोचले. गणिताच्या गौरम्मा टीचरनी लेखी कळवलं की दहाव्या उशिरानंतर मला त्या तासाला बसता येणार नाही, आणि गणितात मी जशी आहे, त्या तासाशिवाय माझं दहावीत काही खरं नव्हतं. पप्पांनी त्या पत्रावर 'आले' असा शिक्का मारला.

दरम्यान पप्पा समितीचे चिटणीस झाले होते. अध्यक्ष भगवानराव, राजेश्वर गावचे, निवृत्त कवायत मास्तर. समिती जुन्या सायकलींना शंभरपैकी गुण देते. ऐंशीच्या वर गेलात तर 'मूळरूप' प्रमाणपत्र मिळतं, मराठीत आणि कन्नडमध्ये. दोन्हींत फरक पडला तर दोन्ही रद्द. सायकल जमिनीवर टेकवली तरी टायर झिजतो आणि गुण जातात, म्हणून आमची सायकल हॉलमध्ये लाकडी पाटावर उभी असते. तिच्यासाठी टीव्ही आतल्या खोलीत गेला, आणि टीव्हीसाठी माझा पलंग स्वयंपाकघराला लागून.

आईला या सगळ्याचं मनापासून हसू यायचं. ती हॉलमधल्या काचेच्या शोकेससमोर बसून, तिच्या लग्नातल्या सोनेरी काठाच्या कपबश्या फडक्यानं पुसता पुसता म्हणायची, "वस्तू वापरायची सोडून नुसती पुसत बसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघायलेय." मग बारा कप परत आत ठेवायची आणि कुलूप लावायची.

सायकल पूर्ण झाली असं वाटलं तेव्हा भगवानराव पूर्वपाहणीला आले. त्यांनी टायर पाहिला, ब्याण्णवचा. ट्यूब, उदगीरच्या एका गोदामात खोक्यातच राहिलेली, ब्याण्णवची.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"हवा," पप्पा म्हणाले.

"कोणत्या सालची?"

पप्पांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. तीन वर्षं त्यांनी एवढं सगळं जमवलं, आणि आत मल्लिकार्जुनअण्णांच्या दुकानातली गेल्या मंगळवारची हवा.

मार्गही भगवानरावांनीच काढला. त्यांच्या शाळेनं ब्याण्णव साली फुटबॉलची एक ढाल जिंकली होती. अंतिम सामन्यातला चेंडू त्यांनी तेव्हापासून कपाटात जपला होता. जिंकल्यापासून त्याला कुणी लाथ मारली नव्हती, म्हणजे आतली हवा निर्विवाद होती. दोन साक्षीदारांसमोर त्या चेंडूला सुई लावून हवा नळीवाटे आमच्या ट्यूबमध्ये सोडण्यात आली. भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढचं चाक निम्मं भरलं. मागच्या चाकाला हवेचा वास तेवढा लागला. मल्लिकार्जुनअण्णांनी राहिलेली हवा आजची भरू या असं सुचवलं, तेव्हा त्यांना विनम्रपणे बैठकीबाहेर बसवण्यात आलं.

आणि मग तो रविवार. अंतिम तपासणी. सायकल पाटासकट अंगणात आणली होती. सांगाड्याच्या मूळ मालकीण म्हणून सोजराबाईंना शाल-नारळ देऊन खुर्चीवर बसवलं होतं. मी प्रश्न विचारला. कुंपणापलीकडं विजयश्रीनं स्वतःच्या सायकलीचं हँडल घट्ट धरलेलं मला दिसलं.

भगवानरावांनी घसा साफ केला. प्रश्न चांगला आहे, परंतु कार्यक्रमपत्रिकेवर नाही, असं ते म्हणाले. एका सदस्यानं भर घातली की ब्याण्णव साली ही सायकल चालत होती याचाच पुरावा फाइलीत नाही, त्यामुळे आज ती चालते का हा प्रश्न उद्भवत नाही.

"चालायची की," सोजराबाई म्हणाल्या.

सगळे वळले.

"पर ही आमची सायकल न्हाई वाटत, माय. आमच्या सायकलीला मागं क्यारेज ठोकलं होतं, दोन्हीकडं दुधाचे क्यान. माझी नागरत्ना दूध घालत घालत शाळंला जायची त्याच्यावर. घंटी न्हवती. पोरगी वरडायची, सरका म्हणून. उशीर झालेला कदी बगितला न्हाई तिला. ह्ये असलं पुसून ठेवलेलं कुणाचं हाय?"

पप्पांनी वही बंद केली. समितीनं स्वयंपाकघरालगत, माझ्या पलंगावर बसून, चाळीस मिनिटं चर्चा केली. निर्णय असा झाला: नियम चार नुसार वस्तूचा मूळ वापर हा मूळरूपाचाच भाग आहे. या सायकलीचा मूळ वापर म्हणजे दुधाचे दोन क्यान आणि शाळकरी मुलगी. तूर्त साठ गुण. क्यान आणि मुलगी यांची पूर्तता पुढच्या रविवारपर्यंत केल्यास उर्वरित चाळीस.

तुम्हाला वाटेल, आता प्रश्न सुटला. घरात शाळकरी मुलगी उपलब्ध होती. मलाही तसंच वाटलं. मी सांजच्याला पप्पांच्या चहात मुद्दाम आलं घातलं.

पण माणूस चिटणीस झाला की सोपं उत्तर दिसेनासं होतं. क्यान पप्पांनी सोमवारीच मिळवले. मुलगी मंगळवारी. चिटगुप्प्याच्या एका कापडदुकानातला प्लास्टिकचा पुतळा, सडपातळ, एक हात उंच केलेला, साडी सोडली तर शाळकरी म्हणता येईल असा. तो पाटावरच्या सायकलीवर बसवून बांधायचा होता. पुतळ्याचं वजन कमी, टायर झिजणार नाही, आणि तो कधी मोठा होत नाही. विजयश्रीची सायकल माझ्याकडं रविवारपर्यंतच होती. तिच्यावरून मी सलग तीन दिवस जादा तासाला वेळेवर पोचले, आणि गौरम्मा टीचरनी माझ्याकडं दोनदा वळून पाहिलं.

गुरुवारी चहाच्या वेळी पप्पांनी माझ्याकडं हात पुढं केला. "विभा, तुझा युनिफॉर्म लागणार आहे. पुतळ्याला. शनिवारपासून."

"मग शाळेला मी काय घालून जाऊ?"

"तात्पुरतं आहे."

आईनं तोंडाला पदर लावला आणि खुदखुदत म्हणाली, "पुतळा तरी वेळेवर पोचंल." तिची ती हसण्याची पद्धत मला फार आवडते. इथवर वाचताना तुम्हीही तशीच हसला असाल, नवीन सोफ्यावरच्या प्लास्टिकवर बसून, रिमोटच्या कव्हरवरून बोट फिरवत.

मी उठले. खिशातली माझी घंटी काढली आणि टेबलावर ठेवली.

"पप्पा, आई, मी निर्णय घेतला आहे, आणि तो नोंदवून घ्या," मी म्हणाले. "उद्या सकाळी सात वाजता मी ती सायकल पाटावरून उतरवणार. मल्लिकार्जुनअण्णांना सांगून ठेवलंय, दोन्ही चाकांत उद्याची हवा. युनिफॉर्म माझ्या अंगावर असेल, म्हणजे नियम चारची पूर्तता होईल. क्यानमध्ये दप्तर बसतं, मी बघितलंय. ही घंटी मी लावणार नाही, ती मूळची नाही. मी ओरडत जाईन."

पप्पांनी वहीकडं पाहिलं, पण त्यांना रकाना सापडेना. आई टाळ्या वाजवत म्हणाली, "शाब्बास गं. कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं यांना."

"आणि आई," मी म्हणाले, "शोकेसची किल्ली दे. निघायच्या आधी मी दूध सोनेरी काठाच्या कपातून पिणार आहे. उद्यापासून रोज."