गाडी वाजली की दूध

"अगो, ही मालगाडी हाय! मालगाडीला दूध नसतं!" राघो पेला ढकलत ओरडला.

"गाडी ती गाडी! प्या गपगुमान!" भागीरथीनं पेला परत त्याच्या तोंडाला लावला.

राघोचं पोट रिकामं झालं की आत निखारा ठेवल्यागत जळायचं. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "पोट संपून आतडं सुरू होतं ना, तिथं जखम आहे. दर दोन तासांनी दूध. मिरची, तंबाखू बंद. हयगय केलीत तर मुंबईला नेऊन पोट कापावं लागेल."

ते ऐकून राघोपेक्षा त्याची बायको भागीरथीच जास्त हबकली. घरात घड्याळ कुठलं? पण आटगावच्या रुळांवरनं दोनेक तासांनी एखादी गाडी जायची. भागीरथीनं ठरवून टाकलं. गाडी वाजली की दूध, गाडीबिगर थेंब नाय.

तेवढ्यात लढाई पेटली. मालगाड्या काय, शिपायांच्या गाड्या काय, रुळांवर रांगच लागली. पेल्यावर पेले! घरची म्हैस पुरेना, तर भागीरथीनं शेजारच्या सकुबाईची म्हैस गाठली. राघोला ढेकर द्यायला सवड राहिली नाही. पण खरं सांगायचं तर पोटातली आग विझली होती.

आणि एके दिवशी गाडीच आली नाही. घाटात कुठंतरी डबे घसरले होते. ऊन डोक्यावर आलं, पोटात पुन्हा निखारा पेटला.

"अगो, दे ना घोटभर!"

"गाडी कुठाय? हयगय नाय करायची. मला तुमचं पोट नाय कापून घ्यायचं!"

राघो पोट दाबत तडक स्टेशनात गेला. "मास्तर, एखादी गाडी सोडा ना!"

"कुठे जायचंय?"

"कुठं नाय. दूध प्यायचंय."

सगळं ऐकून मास्तर हसून हसून खुर्चीत वाकडे झाले. मग चहासाठी ठेवलेलं दूध त्यांनी त्याला पाजलं. राघोनं हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं.

मास्तरांनी कपाटातनं जुनं घड्याळ काढलं. "घेऊन जा. सुटशील एकदाचा."

राघोनं ते हातात घेतलं, कानाला लावलं, आणि परत टेबलावर ठेवलं. "नको मास्तर."

"का रे?"

"गाडी ऐकली का बायको भाताच्या खाचरातनं चिखलाच्या पायानं धावत येते. हातातलं टाकून. माझ्यासाठी एवढं कोण धावलंय? घड्याळ आलं की चालत येल."

लांबवर शिट्टी झाली. राघो ताडकन उठला.

"मास्तर, निघतो आता. ती धावली असेल!"